ऑबचं पान

सासरे: ...आणि ही वहीसुद्धा तुझीच ना? चष्मा शोधत होतो, इस्त्रीच्या कपड्यांखाली सापडली.

सून: माझीच, बाबा. द्या इकडे. उद्या सकाळी परीक्षा आहे, अजून चार पानं व्हायचीत.

सासरे: देतो की. पळून चाललोय का मी? आधी हे पान समजाव. सगळे शब्द ओ आणि बी या दोन अक्षरांनी सुरू होतात आणि जवळजवळ प्रत्येकासमोर आपल्या घरातलं एक माणूस. हजेरीपट आहे की काय?

सून: क्लासच्या बाईंची पद्धत आहे ती. सारख्या अक्षरांचे शब्द एका गठ्ठ्यात घ्यायचे आणि एकेक शब्द ओळखीच्या माणसाला चिकटवायचा. माणूस आठवला की अर्थ आठवतो. दवाखान्यातल्या नोंदणी खिडकीची जागा आहे, शब्दार्थांचा सबंध एक पेपर असतो.

सासरे: आणि माणसं घरचीच घ्यायची, हेही बाईंनीच सांगितलं?

सून: बाहेरची भेटतात कुठे मला?

सासरे: हं. तर सांग आता. अक्षरांचं म्हणशील तर छापखान्यात अडतीस वर्षं शिशाचे खिळे जुळवलेत मी, इंग्रजी उलटीकडूनही वाचतो. अर्थाच्या भानगडीत मात्र पडलो नाही. पोस्टमन पत्ता वाचतो, आतलं पत्र वाचत नाही. हा पहिला, ऑब्स्टिनेट. समोर तुझी सासू.

सून: म्हणजे... ठाम मताची.

सासरे: मी काही तिला सांगायला जात नाही. नीट बोल.

सून: हट्टी.

सासरे: आता जुळलं. पुढे, ऑब्लिव्हियस. आमचे चिरंजीव.

सून: आजूबाजूला काय चाललंय त्याचा ज्याला पत्ताच नसतो, असा.

सासरे: परवा तुमची पोरगी खाटेवरून पडली तेव्हा शेजारीच बसला होता ना?

सून: मोबाइल बघत. मी धावत आले तर विचारतात, कसला आवाज झाला गं?

सासरे: पैकीच्या पैकी मार्क. ऑबनॉक्शस? इथे माझी लेक आहे, जरा सांभाळून.

सून: ताई आल्या की पर्ससुद्धा न ठेवता आधी माझं कपाट उघडतात, मग...

सासरे: अर्थ विचारला, पुरावा नाही मागितला.

सून: कुणालाही नकोसं वाटेल असं माणूस.

सासरे: पोटची पोर आहे माझी. पण मागच्या खेपेला माझ्या गोळ्यांची डबी उघडून म्हणाली, बाबा, एवढ्या उरल्यात अजून? राहू दे तिला तिथेच. हा ऑबिडिअंट तेवढा मला ठाऊक आहे, आज्ञाधारक. अर्जांच्या खाली रोज जुळवायचो. याच्यासमोर कोणीच कसं नाही?

सून: पुष्कळ शोधलं. घरात कोणी बसेना.

सासरे: मला वाटलं, तू स्वतःला बसवशील.

सून: तशी असते तर सगळे नको म्हणत असताना परीक्षेला बसले असते का?

सासरे: तेही खरंच. तुझी सासू बरोब्बर उद्याच बहिणीकडे निघाली. नवरोबांना रजा मिळत नाही. म्हणजे पोरीजवळ उरलो मी.

सून: तुम्ही हो म्हणालात म्हणून तर अर्ज भरला, बाबा. नोकरी लागली तर रोजचे आठ तास, त्यालाही तुम्ही बघू म्हणालात. बाकी कोणी तेवढंही म्हणालं नाही.

सासरे: म्हणालो होतो खरा. तेव्हा वही वाचली नव्हती.

सून: बाबा, ते नुसतं पाठांतरासाठी...

सासरे: एक राहिला. मघापासून तू त्याच्यावर बोट ठेवून बसली आहेस. उचल बघू बोट. ऑब्सोलीट. समोर बाबा. हे बाबा म्हणजे मी, की तुझ्या माहेरचे?

सून: तुम्हीच.

सासरे: अर्थ?

सून: म्हणजे... जुनाजाणता. अनुभवी. ज्याला विचारल्याशिवाय घरातलं पान हलत नाही, असा.

सासरे: एवढं सगळं एका शब्दात? मोठी काटकसरी भाषा दिसते.

सून: मावतं की तेवढं.

(सासरे वही मिटतात. थोड्या वेळाने तेच पान पुन्हा उघडतात.)

सासरे: छापखाना बंद झाला तेव्हा मालकांनी दारावर लावायची सूचना लिहून दिली होती. सहा ओळी, इंग्रजीत. मीच जुळवल्या. माझ्या हातचं शेवटचं काम ते. तिसऱ्या ओळीत हा शब्द होता. अडतीस वर्षांत कधी नाही ते त्या दिवशी कारकुनाला अर्थ विचारला. म्हणाला, कालबाह्य. कामातून गेलेलं. सांगून झालं आणि बिचारा खाली मान घालून बसला, आत्ता तू बसलीस तसा.

सून: खोडते, बाबा. चुकलं माझं. तुम्ही दिवसभर तो बंद रेडिओ खोलून बसता, जेवायचं का याखेरीज तुम्हाला कोणी काही विचारत नाही. बघून वाईट वाटायचं मला. त्याच दिवसांत हा गठ्ठा आला आणि लिहून गेले.

सासरे: पेन ठेव खाली. खोडलंस तर उद्या आठवायचं नाही.

सून: आणि उद्याचं... तुम्ही थांबाल ना?

सासरे: पोरीला कधी काय द्यायचं ते कागदावर लिही, मोठ्या अक्षरात. नोकरी लागली तर रोज लिहीत बसू नकोस, एकदा वाचलं की पाठ होतं मला. आठ तास ना? माझ्याकडे आहेत तेवढे.

सून: बाबा...

सासरे: आणि हे बघ, पेपरात तो शब्द आलाच, तर मला सांगितलास तो अर्थ लिहू नकोस. मार्क जातील.