मानपत्रातलं तिसरं वाक्य

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमच्या नाटक कंपनीचे मालक. आजच्या प्रमुख पाहुण्या, ज्यांना आता सगळे मोठ्या बाई म्हणतात. या नाट्यगृहाचे व्यवस्थापक. व्यासपीठावर खुर्ची मांडलेली असूनही हट्टानं विंगेत उभे राहिलेले आमचे ड्रायव्हरमामा. कंपनीतली आजी-माजी नटमंडळी. पडद्यावरची, दिव्यांवरची, कपड्यांवरची माणसं. आणि समोर बसलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो,

क्रम चुकला असेल तर आत्ताच सांगा. कागदावर मी तो चार वेळा लिहून काढला. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, आधी कोण आणि नंतर कोण याची मला फार धास्ती वाटते. आणि कृपा करून तो पाण्याचा पेला कुणीतरी माइकच्या वायरीपासून लांब ठेवा. मघापासून सगळी भाषणं झाली, माझं अर्धं लक्ष त्या पेल्याकडेच होतं. हां. आभारी आहे.

सभागृहात या क्षणाला दोनशे बारा माणसं आहेत. मघाशी दोनशे तेरा होती. उजव्या दारातून एक गृहस्थ बाहेर गेलेत, बहुतेक फोनवर बोलायला. येतील. हसू नका. डोकी मोजल्याशिवाय मला खोलीत बसवतच नाही. कंपनीत मला सगळे ‘हजेरी’ म्हणतात, नवी मुलं ‘हजेरीकाका’ म्हणतात. माझं खरं नाव आज निमंत्रणपत्रिकेत वाचून दोघांनी विचारलं म्हणे, हे कोण?

माझ्याविषयी आज फार चांगलं बोललं गेलं. मी भारावून गेलो, असं म्हणायची पद्धत आहे, म्हणतो. मोठ्या बाईंनी स्वतः मानपत्र वाचलं. काय तो आवाज! अजूनही माइक नसता तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेला असता. फ्रेम आमच्या सुतारानं केली आहे. मागे खिळे मारताना त्यानं हात अजिबात राखलेला नाही. सेट असो की मानपत्र, त्याला वाटतं ट्रकमधून खडबडत जायचंय.

तुमच्या लक्षात आलं असेल, मी ते मानपत्र हातात घेतलं नाही. ‘टेबलावर ठेवा’ म्हणालो. काहींना वाटलं असेल, म्हाताऱ्याला फ्रेम पेलणार नाही. पेलणार नाही, ते खरंच आहे. पण कारण वेगळं आहे. त्या मानपत्रात तिसरं वाक्य आहे. ‘एक्केचाळीस वर्षांच्या दौऱ्यांत, हजारो थांब्यांवर, यांच्या हजेरीतून एकही माणूस कधी मागे राहिला नाही.’ दिवसभरात सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या त्या या वाक्याला.

हे वाक्य खोटं आहे. एक माणूस मागे राहिलं होतं. ती माझी बायको होती.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा निरोपाच्या दिवशी हे काय उकरून काढतोय? सांगतो. चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर माझी मुलगी बसली आहे. चौतीस वर्षांची झाली, पण कंपनीच्या कार्यक्रमाला आज पहिल्यांदा आली. सकाळी स्टँडवर उतरली आणि म्हणाली, ‘बाबा, आईनं पाठवलंय. म्हणाली, मानपत्रात काय लिहिलंय ते नीट ऐकून ये.’ पाच वाजता तिची परतीची गाडी आहे. तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होतात ना, तेव्हा ती टाळ्या वाजवत नव्हती. पर्समधून पेन काढून तिकिटाच्या मागे लिहीत होती. ते तिकीट आज तिच्या आईच्या हातात जाणार आहे. म्हणून मला घाई आहे.

नव्या मंडळींना हजेरीची पद्धत माहीत नसेल. आता तुमच्या फोनवर सगळं येतं. आमच्या वेळी गाडी चहाला, जेवणाला थांबली की निघण्याआधी मी दारात उभा राहून यादी वाचायचो. नावांची नाही. नटमंडळी सारखी बदलत असत, आज हा, उद्या तो. त्यात एका वर्षी एकाच नावाचे तिघे निघाले. एकाला हाक मारली की तिघे ओ द्यायचे. तेव्हा मालकांनी युक्ती काढली. ‘हजेरी, नाटकातल्या पात्रांच्या क्रमानं वाचत जा. माणूस राहिला तर एक वेळ चालेल, पात्र राहता कामा नये.’ तेव्हा गाडीत सगळे हसले. मीसुद्धा हसलो, आणि माझा आवाज जरा जास्तच मोठा होता.

तेव्हापासून मी हाका मारायचो: सासरे? आहे. सासूबाई? आले. थोरली सून? आले. मग पडदा? दिवे? कपडे? मेकअप? सत्तावीस ओळी, सत्तावीस ओ. ‘निघा मामा.’ मामा गाडी काढायचे. सोपं होतं. डोकी मोजावी लागत नव्हती.

थोरली सून माझी बायको करायची. नऊ वर्षं केली. कंपनी तिला थोरलीच म्हणायची. गाडीत ती बायकांच्या रांगेत बसायची, मी पुढे दाराशी, पेट्यांच्या चाव्या सांभाळत. नवरा-बायको म्हणून एकत्र बसायची आमच्याकडे रीत नव्हती. मुलगी चार वर्षांची, थोरलीच्या भावाकडे ठेवलेली. दौऱ्यात कुठलं पोर आणि कुठली शाळा! थोरली प्रत्येक गावातून तिच्यासाठी एकेक चित्राचं कार्ड घ्यायची आणि पाठवायची. पत्ता मी लिहायचो, माझं अक्षर बरं म्हणून.

तर तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मालकांनी मला एका दुपारी बोलावून सांगितलं, ‘थोरलीचं काम नव्या मुलीला द्यायचं ठरलंय. लोकांना नवा चेहरा पाहिजे. तुम्ही घरच्या घरी सांगा तिला, माझ्यानं नाही होणार.’ नवी मुलगी येऊन आठच दिवस झाले होते. यादीत तिची ओळ मी सर्वांत खाली, पेन्सिलीनं लिहिली होती: ‘नवीन मुलगी’.

मी घरच्या घरी सांगितलं का? नाही सांगितलं. जेवताना म्हटलं, जेवण झाल्यावर सांगू. जेवण झाल्यावर म्हटलं, सकाळी सांगू. सकाळी कपडेवाल्या मावशी टेप घेऊन तिच्यापुढे उभ्या राहिल्या. ‘थोरले, तुझा पोशाख दे गं. कंबर आत घ्यायचीय, नवी पोर बारीक आहे.’ असं कळलं तिला.

ती माझ्याकडे आली. एवढंच विचारलं, ‘तुम्हाला ठाऊक होतं?’

मी म्हटलं, ‘मालकांचा निर्णय आहे.’

‘ते नाही विचारलं. तुम्हाला ठाऊक होतं का?’

मी पेटीचं कुलूप तपासायला वाकलो. कुलूप नीट होतं.

त्या दिवशी ती बायकांच्या रांगेत बसली नाही. सर्वांत मागे, कपड्यांच्या पेट्यांपाशी जाऊन बसली. मी पुढे माझ्या जागेवर यादी दुरुस्त करत होतो. ‘नवीन मुलगी’ ही ओळ खोडली, कारण ती आता थोरली सून झाली होती. खाली एक जागा मोकळी झाली. पेन्सिल हातात होती. तिथं काय लिहायचं? पात्र नाही, पडदा नाही, दिवे नाहीत. ‘माझी बायको’ असं लिहू, आणि चारचौघांत दारात उभा राहून तशी हाक मारू? नावानं मी तिला कधी एकटं असतानाही हाक मारली नव्हती. मी पेन्सिल खिशात ठेवली. म्हटलं, एका दिवसाचा प्रश्न आहे, बघू.

दुपारी एका पेट्रोलपंपावर गाडी थांबली. चहा झाला. मी दारात उभा राहिलो आणि हजेरी घेतली. थोरली सून? ‘आले!’ सत्तावीस ओळी, सत्तावीस ओ. ‘निघा मामा.’

मोठ्या बाई, तुम्ही खाली मान घालू नका. तुमची चूक नव्हती. तुम्ही एकोणीस वर्षांच्या होतात. तुम्हाला हाक मारली, तुम्ही ओ दिलीत. 

दीड तासानं मावशी मागून ओरडल्या, ‘अहो हजेरी, थोरलीची पिशवी इथंय, थोरली कुठाय?’ मामांनी करकचून ब्रेक मारला आणि कुणाला न विचारता स्टिअरिंग अर्धं फिरवलं. ‘वळवतो,’ म्हणाले. मालक उठले. त्यांनी घड्याळ बघितलं.

मालक, आत्ता घड्याळ बघू नका. त्या दिवशीही बघितलं होतंत.

‘साडेसहाला पडदा आहे,’ मालक म्हणाले. ‘वळलो तर प्रयोग बुडाला. तिला तिथं काय वाघ खातोय? मागच्या एखाद्या गाडीनं येईल. आणि तिचं आज काम नाही.’

हा किस्सा पुढं मालकांनी पुष्कळ ठिकाणी रंगवून सांगितला. हजेरी बायकोला विसरला! लोक पोट धरून हसायचे. म्हणजे किस्सा सांगताना ती मागे राहते आणि मानपत्र लिहिताना राहत नाही, हे कसं काय, ते मला कुणीतरी समजावून सांगावं. पण मालकांवर मी अन्याय करणार नाही. किस्सा सांगताना ते एक वाक्य गाळतात, आणि ते माझी लाज राखायला गाळतात. ‘तिचं आज काम नाही’ म्हटल्यावर ते माझ्याकडे वळले होते. म्हणाले होते, ‘हजेरी, तुमची बायको आहे, तुम्ही बोला. तुम्ही म्हणाल तसं करू.’

सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. मामांचे हात स्टिअरिंगवर तसेच, अर्धे फिरलेले.

मी म्हटलं, ‘काढा गाडी.’

तीस वर्षं मी मनातल्या मनात मालकांना शिव्या दिल्या. आज व्यासपीठावर त्यांच्या शेजारी बसलो तेव्हासुद्धा एक दिली. पण गाडी त्यांनी नाही काढायला लावली. मी लावली. मला भीती वाटली. कशाची, ते आजही धड सांगता येणार नाही. प्रयोग बुडेल याची, मालक रागावतील याची, ‘बायकोसाठी गाडी वळवली’ म्हणून पोरं चिडवतील याची. अशा बारीकसारीक भीत्यांवर माझा जन्म गेला. प्रयोग वेळेवर सुरू झाला. टाळ्याही पडल्या.

ती मागच्या गाडीनं आली नाही. उलट दिशेची गाडी पकडून भावाकडे, मुलीकडे गेली. मी लगेच धावलो का? नाही. दौरा संपल्यावर, सोळाव्या दिवशी गेलो. तिची पिशवी घेऊन गेलो होतो. भावानं दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. ती बाहेर आली, मुलीला कडेवर घेऊन. मी म्हटलं, ‘चूक झाली. यादीत तुझी ओळच नव्हती. तू हजेरीच्या वेळी कुठं होतीस?’

त्यावर ती जे बोलली, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ती म्हणाली, ‘पंपामागच्या बाथरूममध्ये तोंड धूत होते. तुमचा आवाज येत होता, सासरे, सासूबाई... म्हटलं, माझी हाक आली की जाऊ. हाक आली, आणि दुसरीनं ओ दिली. मग मला कळेना, आता मी कोण म्हणून बाहेर जाऊ? म्हटलं, अजून एकदा हाक मारतील. काहीही म्हणून मारतील. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.’

पिशवी तिनं घेतली. मला चहा पाजला. त्यानंतर ती कंपनीत आली नाही आणि माझ्या घरीही नाही. मी सणासुदीला जाऊन बसायचो, पाहुण्यासारखा. मुलगी मला ‘बाबा’ म्हणते, ते आईनं शिकवलं म्हणून. तेवढं तिनं केलं.

तेव्हापासून मी यादी वाचणं बंद केलं आणि डोकी मोजू लागलो. एकेका खुर्चीपाशी जाऊन, तोंड बघून. पोरं वैतागायची. ‘काका, आम्ही काय मेंढरं आहोत का?’ मोजू दे, म्हणायचो. त्या मोजण्याला आज तुम्ही फ्रेम केली आहे. ते मोजणं कशातून आलं, हे तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून तुम्हाला दोष देत नाही. मानपत्र लिहिणाऱ्या मास्तरांनी चांगल्या मनानंच लिहिलं.

पण तसं मी ते घेणार नाही. सुतार, तू खाली बसलायस ना? पक्कड आण आणि खिळे काढ. मालक, तिसरं वाक्य खोडा आणि शेजारी सही करा. त्या जागी काय लिहायचं ते मी सांगतो. मुली, तूही तिकीट काढ, आधीचं खोड आणि हे लिहून घे. ‘एक माणूस मागे राहिलं. गाडी वळवता येत होती. यांनी वळवू दिली नाही.’ झालं लिहून? खाली माझं नाव घाल. ‘हजेरी’ नको. खरं नाव.

आईला सांग, उत्तर पाठवायला हवं असं काही नाही.

आता आभार. अध्यक्षांचे, प्रमुख पाहुण्यांचे, नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांचे, आणि एवढा वेळ शांत बसलात त्या तुम्हा सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. आनंदाच्या कार्यक्रमाला मी गालबोट लावलं. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर शिकलेला माणूस नाही म्हणून आपण पोटात घालावं. हे मी तुमच्याकडे मागतोय. तिच्याकडे मागत नाही.

पाचला वीस मिनिटं आहेत. मुलीला स्टँडवर सोडायला मामा विंगेतून खुणावताहेत. जा मुली. मामा, ती गाडीत नीट बसली की नाही, हे तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघा. मी इथून ‘निघा’ म्हणेन, सवयीनं. माझ्या आवाजावर जाऊ नका.