दोनशे पाचवा पत्ता

— अहो, उठू नका, बसा! त्या खुर्चीचा पाय डुगडुगतो पण मोडत नाही — हो, चव्वेचाळीसच म्हणालो मी, बरोबर ऐकलंत, पण मिस येओ, माणसाचं ऐकून तर घ्या! आणि जरा हळू. वर आई आहे. तिला हाका मारलेल्या ऐकू येत नाहीत, पण लपवलेलं सगळं ऐकू येतं. हं, तर तुमचं मांजरांचं पार्लर. मांजराला अंघोळ घालणार, नखं कापणार, आणि मालकिणीला ते घरबसल्या कॅमेऱ्यात दिसणार — झकास! माझी बायको असती तर पहिलं गिऱ्हाईक तीच — आहे हो बायको, आहे, बहिणीकडे क्लांगला गेलीय, मंगळवारपासून, ते सोडा. तर कॅमेऱ्याला लागतो इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता. घराला असतो तसा. माझ्याकडचे सगळे पत्ते सारखेच, फक्त शेवटचा आकडा वेगळा. तुमचा चव्वेचाळीस. बघा, लक्षात ठेवायला किती सोपा!

दुसरा? दुसरा असता तर दिला नसता का? जुन्या पद्धतीचे पत्ते जगातच संपलेत, बाई. नवीन कुणी देत नाही. ज्याच्याकडे पडून आहेत त्याच्याकडून आपल्या नावावर करून घ्यायचे. इपोहची एक कंपनी गाशा गुंडाळतेय, तिच्याकडे दोनशे छप्पन आहेत, आणि ती मला द्यायला तयार आहे — मला! सिंगापूरवाला टपून बसलाय, पण इपोहच्या बाईंनी शब्द दिलाय आज पाचपर्यंतचा. मग अडलंय कुठे? नियमात. नोंदणी कार्यालय म्हणतं, आधी हातातले शंभरातले ऐंशी वापरात दाखव, मग दुसऱ्याचे माग. नियम चांगलाय. ताटातलं संपव नि मग वाढून घे, असं आईच सांगायची. पण माझं ताट बघा ना! शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत दोनशे छप्पन पत्ते. त्यातून ज्यात ज्यात चार येतो ते काढा — चार, चौदा, चव्वेचाळीस, एकशे चार — मी बोटांवर मोजलेत, त्रेपन्न होतात. उरले दोनशे तीन. तेवढे सगळे दिलेत, एक शिल्लक नाही. आणि शंभरात ऐंशीला लागतात किती? दोनशे पाच! दोननं हुकलो. जगात असा माणूस बघितलाय का, जो दोननं हुकला?

आता म्हणाल, चारवाले का नाही दिले. तुम्हीच दचकून उठलात ना मघाशी? आपल्या चिनी बोलीत चार म्हटलं की मरणच ऐकू येतं. आमच्या दाराबाहेर पाटी बघितलीत — तीन नंबरच्या पुढे तीन-ए, मग पाच. आमची आई तर काय, चाळिशी लागल्यावर दहा वर्षं एकोणचाळीसचीच होती, मग एकदम पन्नास! यंदा ती त्र्याऐंशी-ए आहे. तिला हसू नका. बाबांनी एकदा चौदा नंबर एका सुताराला दिला होता. तिसऱ्या दिवशी बाबा जेवताजेवता गेले. इथंच, तुम्ही बसलात त्याच खुर्चीव — नाही, नाही, उठू नका, पाय तेव्हा धड होता! आता डॉक्टर दहा वर्षं कानीकपाळी ओरडत होते, डुकराच्या चरबीतल्या नूडल्स सोडा म्हणून. त्या दिवशी तिसरी वाटी चालली होती. तिसरी! चौथीसुद्धा नाही. पण आईनं कुणाचं ऐकलं नाही, सुताराच्या घरी जाऊन स्वतः वायर उपटली, आणि मला म्हणाली, माझ्या जिवात जीव आहे तोवर या दुकानातून चार बाहेर पडणार नाही. मी म्हटलं, आपल्या लोकांना नको, रहमानकाकांना चालेल, कोपऱ्यावरच्या मुनिआंडीला चालेल — त्याला आठ चालत नाही, शनीचा म्हणतो, आमचा लाडका आठ! — तर मला म्हणाली, आपल्याला नको ते शेजाऱ्याच्या पदरात घालतोस? मी मुलगा जन्माला घातला की भामटा? शिवाय त्यांच्याकडे एकेक पत्ता आहेच. पाच काढून चार दिला तर बेरीज तेवढीच राहते. नवा माणूस पाहिजे. आणि आज सकाळपासून या दारातून नवं कोण आलं? तुम्ही. एकट्या.

खोटं कसं लिहू? कार्यालयवाले तिकडे बसून प्रत्येक पत्त्याचं दार ठोठावतात, आतून ओ आली तर वापरात. आणि सही माझी असणार. नाही, खरंच वापरात पाहिजे. म्हणून मंगळवारी चार नंबर मी स्वतः घेतला, माशाच्या टाकीवर कॅमेरा लावला. झाले दोनशे चार. आणि काय झालं मला? बघा, धडधाकट आहे! स्कूटर पंक्चर झाली, ती कुणाचीही होते. दात पडला, तो हलतच होता. अरोवाना माशानं टाकीबाहेर उडी मारली, पण मी उचलून परत घातला, जिवंत आहे, फक्त माझ्याकडे बघत नाही. बायको — तिचं तसं आधीपासूनच — अहो, योगायोग! तुम्ही पर्स का उचलताय? मला सांगा, परकं मांजर दारात आलं की घरात सुतक येतं म्हणतात ना आपल्यात? तुम्ही दिवसाला वीस मांजरं पैसे घेऊन आत बोलावणार, आणि चाराला भिता?

वरचे ठोके ऐकलेत? पाच. चहा पाहिजे आईला. चार वाजताचा चहा, पण ठोके पाच. आणतो गं, आणतो!

मी उगाच गळ घालत नाहीये, मिस येओ. टेकडीवरच्या नव्या इमारतीत एकशे तीस घरं माझी वाट बघतायत. पत्ते नाही मिळाले तर ती मोठ्या कंपनीकडे जातील, मग ही गल्लीपण जाईल, आणि मग बाबांचं दुकान मी कशाला उघडायचं? माशाला दाखवायला? भीती वाटते मला, खरं सांगतो. चारापेक्षा त्याची जास्त. पहिले तीन महिने फुकट देतो. सहा? नाही म्हणू नका लगेच —

थांबा. टोपली आली खाली. हिची ही सवय, दोरीला टोपली बांधून माळ्यावरून सोडते, कप नाहीतर — अं? कप नाही. हा आमचा अर्ज आहे. कोरे अर्ज तिच्याच कपाटात असतात. भरलाय. नाव तिचंच. गरज कशासाठी: संगीत नाटकं बघायला, मोठ्या पडद्यावर. मागितलेला पत्ता — चव्वेचाळीस. सगळं ऐकलं हिनं! आणि वय... वय चौऱ्याऐंशी लिहिलंय. आकड्यात. आठ, आणि पुढे तो. तिच्या हातचा चार मी आयुष्यात पाहिला नव्हता, बघा ना, कसा उलटा काढलाय, सवयच नाही. पहिल्या महिन्याचे पैसेपण घातलेत. चरबीतल्या नूडल्स आण म्हणते, दोन वाट्या, एक बाबांच्या तसबिरीपुढे.

आई! अगं, तू नको! चव्वेचाळीस तर मुळीच नको, मी शोधतो दुसरं गिऱ्हाईक, ऐकतेस का —

एक. दोन. तीन...

चार. ऐकलेत तुम्ही? चार ठोकले तिनं.

निघा आता, मिस येओ. पुढच्या महिन्यात या, नवे पत्ते आले की अठ्ठ्याऐंशी तुमचा. नाही, आता काही बोलू नका. साडेचार होऊन गेलेत, मला वरपर्यंत वायर ओढायचीय. दार लोटून घ्या.