शेजारच्या सीटवरचा ब्रेक

नाही, पण तुम्हीच सांगा, मला ब्रेक कळत नाही का? जन्मभर शिंपीकाम केलं मी, पायानं मशीन चालवलं, हातानं थांबवलं, कुणाची बाही कधी वाकडी गेली नाही, आणि ही शेजारी बसून मला सांगते, "अहो मधला, मधला ब्रेक!" अगं माहितीये मला मधला... म्हणजे आता माहितीये, तेव्हा नव्हता, ते जाऊ द्या. तुम्हाला सांगतो, गाडी सोपी आहे हो, शेजारची सीट अवघड.

आता ही शेजारी कशी आली ते ऐका. आमची ही शाळेची व्हॅन चालवायची. सगळी वस्ती तिला व्हॅनवाल्या काकू म्हणते. लग्न झाल्यापासून घरात स्टिअरिंग तिच्याकडे आणि कात्री माझ्याकडे, कधी तंटा नाही. आणि मागच्या वर्षी एका सकाळी चहा गाळता गाळता हिचा उजवा पायच ऐकेना. झटका आला होता. हलकाच आहे, डॉक्टर म्हणाले. हलका म्हणे! त्यांच्या घरी आला असता म्हणजे कळलं असतं किती हलका ते. हळूहळू हात परत आला, बोलणं परत आलं, बोलणं तर व्याजासकट आलं, पण पाय काही हलेना. मग व्हॅन विकली. त्या दिवशी ही एक अक्षर बोलली नाही, खिडकीपाशी बसली ती बसलीच. मला घरात शांतता सोसत नाही हो. मशीनचा आवाज नाहीतर हिचा, दोन्हींपैकी एक तरी लागतोच.

पायाचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंचा दवाखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. टॅक्सी बोलावली. ही मागून त्या टॅक्सीवाल्याला म्हणते, "वळताना इंडिकेटर कोण देणार, तुझा मामा?" दुसऱ्याला म्हणाली, समोरून गाडी येतेय, दिवे खाली कर, त्याचे डोळे दिपतील. तिसऱ्यानं आम्हाला भर रस्त्यात उतरवलं आणि वर मला हात जोडले. मग हिनं जाहीर केलं की आता आपण कुठं जाणार नाही, पाय राहिला तसा राहू दे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी शिकतो गाडी."

हसली हो! झटक्यानंतर पहिल्यांदा हसली, चांगली पोट धरून हसली. त्या हसण्यावर मी दुसऱ्या दिवशी जाऊन ड्रायव्हिंग स्कूलचे पैसे भरले.

तिथले मास्तर म्हणजे देवमाणूस. ओरडणं नाही, रागावणं नाही, शेजारी बसून पेपर वाचायचे. आणि माझी गाडी काय सुरेख थांबायची! वळण आलं की आपोआप हळू, सिग्नल आला की आपोआप उभी. मी घरी येऊन ऐट करायचो, हात बसला बरं का आपला. आता मला सांगा, मास्तरांच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो हे मला कुणी सांगायला नको? परीक्षेला नेमका रिकामा सरळ रस्ता निघाला, झालो पास. मुलीनं तिची जुनी गाडी दिली, हिला उचलून शेजारी बसवलं, किल्ली फिरवली, आणि मग खरी शाळा सुरू झाली.

"क्लच हळू सोडा. गाडी थरथरली की पाय तिथंच धरा, तो हाफ क्लच." मी धरला, गाडीपेक्षा मीच जास्त थरथरलो. "चढावर आधी हँडब्रेक, नाहीतर मागच्याच्या मांडीवर बसाल." बरं. "आरशात सगळं दिसत नाही. न दिसणारा कोपरा तो ब्लाइंड स्पॉट, तिथं मान वळवून बघायचं." मी मान वळवली, मानेबरोबर गाडीही वळली. "अहो, नजर लांब ठेवा, बॉनेटवर काय बघताय?" आता शिंप्याची नजर सुईवर असणार, ती लांब कशी जायची? सुईवरून नजर हलली की बोट शिवलं जातं. गाडी सोपी आहे हो, शेजारची सीट अवघड.

एक गोष्ट मात्र तिनं मला माझ्या भाषेत सांगितली. पुढच्या गाडीच्या मी अगदी पाठीला चिकटायचो. ही म्हणाली, "कपडा बेतताना शिवणीच्या आत तुम्ही माया सोडता ना, पुढं लागेल म्हणून? तशी पुढच्या गाडीपाशी सोडा. पुढचा खांबापाशी गेला की मनात एक, दोन म्हणायचं, मग आपण खांबापाशी." तेव्हापासून माझं अंतर कधी चुकलं नाही.

पण त्या दिवशी काय झालं... उभ्या ट्रकच्या मागून एक कुत्रं निघालं. धावत नाही हो, फिरायला निघाल्यासारखं, आरामात. आणि मी काय केलं असेल? पायमशीन थांबवायचं म्हणजे वरच्या चाकावर उजवा तळवा ठेवायचा, सुई जागच्या जागी उभी. जन्मभराची सवय. मी पाय उचलले आणि स्टिअरिंगवर तळवा ठेवला. चांगला दाबून ठेवला. गाडी चाललीच आहे! कुत्रं माझ्याकडे बघतंय, मी कुत्र्याकडे, आणि शेजारून आरोळी, "ब्रेक!" आणि धप्प.

मी मधला दाबला. गाडी थांबली, कुत्रं गेलं आपल्या वाटेनं. पण ते धप्प कसलं झालं? मी खाली बघितलं. हिचा उजवा पाय. आपटला होता तिनं, ब्रेक समजून. तिच्या बाजूला ब्रेक नाही न् काही नाही, नुसती चटई, पण पाय पुढं जाऊन चटईवर घट्ट रोवलेला. ही पायाकडे बघतेय, मी हिच्याकडे बघतोय. पायाचं बोट हलवून दाखवलं तिनं मला. माझा बांधच फुटला हो. स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागलो, मागं हॉर्नवर हॉर्न. आणि ही डोळे पुसत काय म्हणाली असेल?

"अहो, रडायचंय तर आधी गाडी कडेला घ्या. चारी दिवे लावा."

लावले. लुकलुकत्या दिव्यांत बसून दोघं रडलो.

व्यायामवाल्या बाईंना सगळं सांगितलं. त्या हिचा पाय दाबून बघत म्हणाल्या, कसं झालं ते राहू दे काका, पण हेच चालू ठेवा. आता कुत्रं रोज कुठून आणायचं? म्हणून मैदानामागच्या मोकळ्या रस्त्यावर, मागंपुढं कुणी नाही बघून, मी गाडी हळूच खांबाकडे नेतो. माझा पाय आधीच ब्रेकवर असतो. फक्त दाबायचा तिच्यानंतर. "ब्रेक!" धप्प. "अहो, कधी कळणार तुम्हाला?" शिव्या खातो, गाडी वळवतो, पुन्हा खांब. आता ती काठी घेऊन फाटकापर्यंत चालत येते.

खरं सांगू? मला गाडी येते आता. चांगली येते. चढ, वळण, अंधार, सगळं येतं. पण बोलायची चोरी. वस्तीत माझी पार शोभा झालीय, पोरंसोरं मला बघून रस्ता सोडतात. म्हटलं, पुरे झालं आता, आज हिला सांगून टाकू, आणि सांगायला म्हणून आत गेलो तर ही मुलीशी फोनवर बोलत होती. दारातच थांबलो.

"तुझ्या बाबांना काही गाडी येत नाही गं," ही म्हणत होती. "पण तू माझी काळजी करू नको. ह्यांना नीट गाडी येईपर्यंत मी काही कुठं जात नाही."

झालं. तसाच मागं फिरलो. म्हणजे आता ह्या जन्मी तरी मला गाडी यायची नाही.