डाएटच्या पाकिटांची तक्रार

डाएटची पाकिटं विकणाऱ्या कंपनीच्या मुलीवर मी फोनवर अशी तुटून पडले होते ना, की विचारू नका. मैत्रिणीचं लग्न दहा दिवसांवर आलेलं आणि मी ब्लाउज शिवून घेतला होता बारीक झाल्यावरच्या मापानं. त्यासाठी कमी कॅलरीच्या फ्रोझन जेवणाची पाकिटं मागवली. तीन आठवडे दुपारी तेच खाल्लं आणि वजन दोन किलोनं वाढलं!

"लोकांना फसवता का?" मी ओरडले.

"मॅडम, गरम कसं करता?"

मी कुठं करते? गारखेड्यात आत्याकडं राहते, डबा तीच भरते. मी लगेच स्पीकर लावला. "आत्या, हिला सांग, तू पाकिटातलं नुसतं गरम करतेस ना?"

"व्हय, फोडणीत गरम करते की. दोन पळ्या तेल, लसूण, वरून शेंगदाण्याचा कूट."

"आत्या! त्यात तेल घालायचं नसतं!"

"मग काय मिळमिळीत खायचं? मला वाटलं, कंपनीवाले तेल घालायला विसरले. आणि तूच म्हणालीस ना, डाएट लई चवदार असतंय म्हणून?"

म्हणाले होते. कंपनीला पाच स्टारही देऊन बसले होते.

फोनवरची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, तुमची तक्रार बंद करते. फक्त आत्यांना एवढं विचारा, कूट भाजलेल्या दाण्यांचा का कच्च्या? आम्हाला इथं दुपारी हीच पाकिटं देतात."