भीमण्णाच्या मागच्या बोळातून

पाटील, पटवारी, देवळाचे पुजारी, समद्या अण्णा-अप्पाहो, मागं बसलेल्या बायांनो.

चावडी भरली, पायलं मी. बाईमाणसानं सभेत उठून बोलायचं का, असं आत्ता कुणीतरी पुटपुटलं, ते बी ऐकलं. ह्या काशव्वा सुइणीनं तुमच्यातल्या निम्म्यांची नाळ कापलीय. तवा बाईमाणूस चाललं, आज बी चालू द्या. मला बोलायला जड जायलंय. रडू येतंय म्हून न्हाई. तोंडात नुसत्या शिव्या यायल्यात म्हून.

भीमण्णा धनगर जाऊन आज पाच दिस झाले. पुजारी आत्ता म्हणाले, पुण्यवान माणूस गेला. पाटील म्हणाले, गावाचा आधार गेला. कधीपासून आधार हो? तहसीलदारसाहेबांचा कागद आला तवापासून? ह्या गावात मोकाट कुत्री कमी हाईत, करणाऱ्याला शाबासकी, असं त्यात लिवलंय म्हणं. करणारा तापानं फणफणून मेला, कागद मागनं आला. आन् कागद आला म्हून तुमी आलात.

काय करायचा भीमण्णा? बापाच्या हाताखाली मेंढे खच्ची करायला शिकला व्हता. तेच त्यानं कुत्र्यांचं केलं, बोक्यांचं केलं. काम झालं की हळद लावायचा, जनावर दोन दिस आपल्या अंगणात ठेवायचा, स्वतःच्या ताटातली भाकर घालायचा. मादीचं त्याला येत नव्हतं. "काशव्वा, पोट फाडायचं मला जमत न्हाई, खोटं कामून बोलू?" म्हणायचा. असं सरळ बोलणारं दुसरं कोण हाय ह्या चावडीत?

आन् तुमी काय करायचात? भादव्यात कुत्री माजावर यायची, दिवाळीच्या पुढं घरोघर पिल्लं. डोळे बी न उघडलेली. पोत्यात भरायची आन् मंठाळच्या शिवेवर नेऊन टाकायची. मंठाळवाले त्यांची पोती आपल्या शिवेवर टाकायचे. केवढी अक्कल! दोन्ही गावांनी मिळून कोल्ही पोसली. मी बी एक पोतं टाकलंय. आतली कुंईकुंई माझ्या कानातून अजून गेली न्हाई.

भीमण्णा म्हणाला, नर माझ्याकडं आणा, पोती टाकायची पाळी येणार न्हाई. तर पंच बसले. मल्लण्णा देवाच्या कुत्र्याचा वंश तोडतो, ह्याचा वंश बुडंल, ह्याची घागर गावच्या विहिरीला लागू नये. असंच ठरलं ना पाटील? पोतं बांधताना कुणाला मल्लण्णा आठवला न्हाई व्हय?

बरं, मग गावात कुत्री कमी कशी झाली? माझी भिंत त्याच्या भिंतीला लागून हाय. मागच्या बोळातून कोण यायचं, समदं पायलंय मी. पाटलांचा बोका देवघरात मुतायचा. पाटील सोता त्याला पोत्यात घालून घेऊन आले. भीमण्णा म्हणाला, "पुढच्या दारानं या की अप्पा." पाटील म्हणाले, "गप रे, हळू बोल." पुजारीबुवा, तुमचा मोत्या कुणी खच्ची केला? खाली कामून बघायलात? पटवाऱ्यांचे दोन. ह्या चावडीतलं एक घर सुटलेलं न्हाई. त्यानं मरेस्तोवर कुणाचं नाव घेतलं न्हाई. मी घेतेय.

त्याला मूल न्हाई झालं. तुमी म्हणालात, बघा, पाप भोवलं. मी सुईण हाय. पाप न करणाऱ्या किती घरांत पाळणा हलला न्हाई, ते मला इचारा.

आता त्याच्या बायकोचं, नागव्वाचं सांगते. ती बघा, खांबापाशी बसलीय. नऊ वर्सं ही बाई ओढ्यावरून पाणी आणायलीय. ह्या चैतात ओढा आटला. ताप चढला तवा भीमण्णा पाणी पाणी करायला लागला. घागर रिकामी. ही ओढ्यात वाळू उकरत बसली. घागर भरून घरी आली, तवर तो गेला व्हता. विहीर त्याच्या दारापासून किती लांब हाय? हाक मारली तर ऐकू जाती.

मी त्या दिवशी पाटलांच्या सुनेच्या बाळंतपणाला व्हते. पण त्याच्या आधीच्या नऊ वर्सांत मी कुठं व्हते? माझा रांजण भरलेला असायचा. ती दारावरून जायची. पंचांच्या भ्यानं मी तिला एक तांब्या दिला न्हाई. तुमच्यावर थुंकायचं तर आधी मला आरशात थुंकाया पायजे.

काल नागव्वाला इचारलं, सभेत काय बोलू? ती म्हणाली, "चांगलं नगं बोलू अक्का. मला पाणी भरू देत्यात का, तेवढं इचार."

मी इचारणार न्हाई. तुमाला इचारायचं, एवढे मोठे तुमी न्हाईत.

नागव्वा, ऊठ. ही माझी घागर घे, हा दोर घे. विहिरीवर जा. कुणाला आडवं जायचं असंल तर आत्ता जावा, समद्यांच्या देखत, मागच्या बोळातून न्हाई.

बाकीच्यांनी उभं राहा. भीमण्णासाठी गप उभं राहायचंय. किती येळ इचारू नका. तिची घागर वर येस्तोवर.

पाटील, तुमी बी.