आडातला गळ

नेकनूरच्या दूध सोसायटीच्या रांगेत माझ्यापुढं एक आजी आणि एक आजोबा अर्ध्याच भरलेल्या किटल्या घेऊन उभे होते.

"बायनाबाई, नातू इमान शिकतोय म्हणं?"

"हां, शहादेवभाऊ. नौदलातलं, लढाईचं. बिदरला शिकला, आता गोव्याला हाय."

"मग ऱ्हायलं काय?"

"जहाजावर उतरायचं. जागा लई थोडी, त्यात जहाज हलतंय. म्हणून इमानाच्या शेपटीला गळ आसतोय. तो जहाजावरच्या दोरात आडकला, तरच इमान थांबतंय."

"आपल्या बादलीच्या गळावानी?"

"तसाच म्हणं. हसत हसत सांगत हुता."

"आडात कुणाची बी बादली पडली, की गळ मागाया तुमच्याच दारी. तांब्या ठिवल्याबिगर तुमी द्यायचा न्हाईत."

"लोक परत आणून देत नव्हते, मग काय करू?"

"अन् बादली काढायला तुमचा ह्योच नातू."

"डोळे मिटून काढायचं. आडकलेलं हाताला कळतंय म्हणायचं."

"आता आडच कोरडा. गळ मोडीत घातला आसंल?"

"कावून घालू? आज पोरगं पहिल्यांदा जहाजावर उतरणार हाय. सकाळीच गळ आडात सोडून आले. त्याचा फोन आल्याबिगर मी वर काढायची न्हाई."