परतीची जागा

ड्रोनचं विचारूच नका! मागच्या थंडीत मानक नगरला आमच्या कॉलनीच्या मैदानातून तो उडवला आणि चांगला दिसावा म्हणून बायकोबरोबर चालत पार दुसऱ्या टोकाला गेलो. तिथे मोबाइलवरचं ॲप बंद पडलं. रिमोटही ऐकेना.

बायको घाबरली. म्हटलं, "काळजी नको. सिग्नल तुटला की तो जिथून उडाला तिथेच आपोआप येऊन उतरतो."

"अहो, पण तिथे आता आई बसल्यात!"

बघतो तर खरंच. आईनं नेमकी तिथेच उन्हात खुर्ची टाकली होती, आणि कानटोपीत तिला डुलकी लागली होती. ड्रोन तिच्या डोक्यावर येऊन थांबला आणि सरळ खाली यायला लागला. मी जीव खाऊन पळालो.

"आई, ऊठ!"

ती हलेना. शेजारचे भैया गॅलरीतून ओरडले, "माताजी, हटिए!" तरी नाही. फिरती पाती टोपीपासून हातभर राहिली तेव्हा मी पोचलो आणि आईसकट खुर्ची मागे झाडाखाली खेचली. ड्रोन तिच्या पायांशी उतरला.

मी धापा टाकत खालीच बसलो. आईनं डोळे उघडले.

"सावलीत कशाला ओढलंस रे मला?"